‘लागलेली’ आचारसंहिता

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात निवडणुकीपूर्वीच्या काळालाच लोक ‘आचारसंहिता’ म्हणतात. ‘आचारसंहितेच्या आत वस्तीचा रस्ता मंजूर करून घ्या’, ‘आता आचारसंहिता उठल्यावर या’ ही वाक्ये मी मेहकर-चिखलीकडे नेहमी ऐकतो. नियमांचे नाव काळाला चिकटले आहे. शिवाय लोकांच्या बोलण्यात ती ‘लागते’. ग्रहण लागते, सुतक लागते, तशीच. ज्या काळात काही करायचे नसते, तो काळ आपल्या भाषेत लागतो.

‘आचार’ हा मुळात स्मृतींचा शब्द. याज्ञवल्क्यस्मृतीचा पहिला अध्याय आचाराध्यायच आहे. कोणी काय करू नये हे त्या आचाराने जन्मावरून ठरविले आणि निषेधांचे सर्वांत मोठे ओझे आपल्या माथी आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते या व्यवस्थेविरुद्ध.

निवडणुकीची आचारसंहिता मात्र नेमकी उलट दिशेची आहे. १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीत तिचा उगम झाला. १९७९ मध्ये निवडणूक आयोगाने सत्ताधारी पक्षावरील निर्बंध तिच्यात घातले. मंत्र्यांनी नवी अनुदाने जाहीर करू नयेत, कोनशिला बसवू नयेत. कोणीही जातीच्या नावाने मते मागू नयेत. येथे ‘करू नये’ हे सत्तेला सांगितले गेले.

व्यवहारात काय घडते? २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. आमच्याकडे मतदान २६ एप्रिलला झाले, मतमोजणी ४ जूनला. त्या काळात अत्याचाराची तक्रार घेऊन निघालेल्या एका कुटुंबासोबत मी एका कचेरीत गेलो. उत्तर मिळाले, ‘आचारसंहिता आहे, नंतर बघू.’

वास्तविक ही संहिता संसदेने केलेला कायदा नव्हे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा संसदेचा आहे. गुन्हा नोंदविणे ही काही नवी घोषणा नव्हे. आचारसंहिता ते थांबवीत नाही. आधीपासून चालू असलेली कामेही ती थांबवीत नाही. मंत्र्यासाठी घातलेले कुंपण असे फिर्यादीच्या वाटेत आणून उभे केले जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी ‘आचारसंहिता आहे’ हे उत्तर ऐकून परतू नये. कोणत्या कलमाने काम थांबते, हे लेखी मागावे. सुतक पाळायचे असते. नियम वाचायचा असतो.