नगरचा समुद्र

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचा, एवढेच आमच्या घरात ठरले होते. कोणता समुद्र, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कारण नगरच्या माणसाला समुद्र म्हणजे मुंबई. आईने तर बेत ऐकताच निकाल देऊन टाकला, "मुंबईलाच न्या पोरांना. चौपाटी बघतील, राणीची बाग बघतील." पाचवीतली मुलगी मात्र जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन बसली होती. चारी बाजूंनी जमीनच आहे हे बोटाने फिरवून तिने पाहिले आणि विचारले, "बाबा, आपल्या जिल्ह्याला समुद्र नाहीये. मग आपला समुद्र कोणता?"

"आपल्याला समुद्र नाही," असे मी तत्काळ सांगून टाकले. इतिहास शिकवण्यात आयुष्याची वीसेक वर्षे घालवलेल्या माणसाने हे उत्तर द्यावे, याची खंत मला दोन दिवसांनी वाटू लागली. या शहराला एकेकाळी समुद्र होता, बंदर होते, आणि त्या बंदराला नावही होते : चौल.

नगर जिल्हा म्हटले की दुष्काळ, छावण्या, उसाचे पट्टे आणि साखर कारखाने एवढेच चित्र उभे राहते. पाण्याशी आपले नाते अभावाचे. वास्तविक जिल्ह्याची पश्चिम कड अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर संपते. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर तिथलेच आणि हरिश्चंद्रगडही तिथलाच. कोकणकड्याच्या टोकाशी उभे राहिले की पायाखाली आपला जिल्हा संपतो आणि सरळ खाली कोकण सुरू होते. एवढ्या जवळ असूनही कोकण आपल्याला परके वाटते, याचे कारण भूगोलात कमी आणि इतिहासात अधिक आहे.

चौल हे नगरपेक्षा कितीतरी जुने. ग्रीक-रोमन लेखकांच्या नोंदींत ते आहे, अरबांच्या लेखनात ते सैमूर या नावाने येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी तिथे येऊन गेला. आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा प्रवासी मात्र अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो चौलला उतरला तो विकण्यासाठी आणलेला एक घोडा घेऊन, आणि तिथून पालीमार्गे घाट चढून जुन्नरला आला. हा प्रवास त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ पुरला. पुढे पावसाने त्याला जुन्नरला अडकवून ठेवले, घोडा तिथल्या खानाने हिरावून घेतला आणि धर्म बदलल्यास परत देईन अशी अट घातली. एका खुरासानी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने तो सुटला. निकितिनची टिपणे हा प्रवासवर्णनाचा एक विलक्षण नमुना आहे. बाजारभाव, धर्मसंकट, घराची ओढ आणि चिखल हे सारे एकाच दमात. इथली लहान मुले सात वर्षांची होईपर्यंत उघडीच फिरतात, हेही त्याने टिपून ठेवले आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला निकितिनविषयी एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली.

निकितिन आला तेव्हा नगर शहर अस्तित्वात नव्हते. जुन्नरहूनच मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्ता झुगारली आणि १४९४ च्या सुमारास सीना नदीकाठी नव्या राजधानीचा पाया घातला. नवे शहर घाटमाथ्यापासून बरेच आत होते. परंतु त्याची नजर पश्चिमेकडे होती. दख्खनच्या कोणत्याही सुलतानाला दोन गोष्टी समुद्रापलीकडून आणाव्याच लागत : घोडे आणि माणसे. चांगला लढाऊ घोडा अरबस्तानातून वा इराणातून येई. माणसेही तशीच. कवी, वैद्य, तोफा ओतणारे कारागीर, धर्मवेत्ते. आज विजापुरात पर्यटक जिच्या पाठीवर हात फिरवतात ती मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्याच्या नावातच 'रूमी' आहे. बुऱ्हाण निजामशहाला शिया पंथाकडे वळवणारा शाह ताहिर १५२० मध्ये इराणातून जीव वाचवून कुटुंबासह जहाजाने गोव्याला उतरला आणि दोन वर्षांनी नगरला पोचला. दख्खनच्या इतिहासाचा सर्वांत मोठा बखरकार फरिश्ता अस्त्राबादहून वडिलांबरोबर नगरला आला, तेव्हा तोही लहानच होता. वडिलांना इथल्या राजपुत्राला शिकवायचे होते. मुलाबाळांसह केलेल्या प्रवासाचा इतिहास लिहायचा तर नगरच्या बाबतीत त्याची दिशा उलटी आहे. आपण समुद्राकडे जात आहोत; ती मंडळी समुद्राकडून आपल्याकडे आली.

गार्सिया द ऑर्ता हा गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य. बुऱ्हाण निजामशहाच्या उपचारासाठी तो नगरला येत असे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या वनौषधिविषयक संवादग्रंथात निजामशहाचे उल्लेख आपुलकीने येतात. याच ऑर्ताकडे त्या काळी मुंबई बेटाचा पट्टा होता. ज्या मुंबईखेरीज आम्हाला समुद्र ठाऊक नाही, ती तेव्हा नगरच्या राजाच्या वैद्याने खंडाने घेतलेली एक वाडी होती, आणि शहर म्हणावे असे शहर चौल होते. आईला मी हे सांगितले. "असंल," ती म्हणाली, "पण राणीची बाग तिथं नाही ना?"

चौल निजामशाहीच्या ताब्यात होते हे खरे, पण निर्वेध नव्हते. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेइदा तिथे मारला गेला. तरीही १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना तिथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली, आणि तीमागे घोड्यांच्या व्यापाराचे गणित होते. त्यातून दोन चौल निर्माण झाली. खाडीच्या मुखाशी, आज आपण रेवदंडा म्हणतो ते पोर्तुगीजांचे. आतल्या बाजूचे, वरचे चौल निजामशहाचे. युरोपीय प्रवासी या जोडशहराचे वर्णन करतात तेव्हा 'दुसऱ्या' गावाचा राजा म्हणून ज्याचे नाव देतात, तो आपल्या भुईकोटात राहत असे.

हा शेजार पन्नास वर्षे कसाबसा टिकला. १५७० च्या अखेरीस विजापूरने गोव्याला आणि नगरच्या मुर्तजा निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. तालिकोटच्या विजयानंतर दख्खनच्या सुलतानांचा आत्मविश्वास शिगेला पोचला होता. १५७१ च्या पावसाळ्यात दोन्ही वेढे फसले. फरिश्ता याचा दोष नगरच्या सरदारांना देतो. पोर्तुगीजांनी त्यांना नजराणे आणि मद्य पोचवले, आणि रात्री रसद आत जाऊ लागली असे तो सांगतो. पराभवाला फितुरीचे कारण लावणे हा बखरकारांचा नेहमीचा मार्ग आहे. माझा कल मात्र साध्या कारणाकडे आहे. ज्याच्या हाती समुद्र उरलेला नाही, त्याने समुद्राच्या बाजूने उघड्या असलेल्या शहराला जमिनीवरून घातलेला वेढा हा वेढाच नव्हे. जहाजे येतच राहिली.

शेवटचा प्रयत्न दुसऱ्या बुऱ्हाणने केला. रेवदंड्यासमोर खाडीच्या पलीकडच्या काठावर कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. तिथे किल्ला बांधून तोफा ठेवल्या की पोर्तुगीजांची वाट बंद होणार होती. बेत उत्तम होता. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो किल्लाच घेतला. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला, मोगल नगरच्या तटाशी येऊन भिडले आणि चांदबीबीचे प्रसिद्ध युद्ध सुरू झाले. चांदबीबी नगरच्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. कोर्लई कोणालाच माहीत नाही. मला विचाराल तर नगरचे राज्य खऱ्या अर्थाने कोर्लईला आकसले. १६०० मध्ये किल्ला पडला, मलिक अंबरने आणखी पाव शतक राज्य ओढून नेले, आणि १६३६ च्या वाटणीत निजामशाही कोकण विजापूरच्या पदरात पडले. नगरचा समुद्र तिथे कागदोपत्रीही संपला.

पण राज्य संपले म्हणून आठवण का संपावी? त्याचे उत्तर मला ग्रंथालयाच्या कपाटात सापडले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये चौल कुलाब्याच्या खंडात आहे, १८८३ चा अकरावा खंड. नगर १८८४ च्या सतराव्या खंडात आहे. मधे पाच खंड. आपली स्थानिक इतिहासाची सारी परंपरा या खंडांवर पोसलेली असल्याने नगरचा अभ्यासक सतरावा खंड काढतो आणि अलिबागचा अकरावा. दोघांची गाठ पडत नाही. जिल्हा हे वसाहतकालीन प्रशासनाचे एकक, ते आपण स्मृतीचेही एकक करून टाकले.

उरलेले काम रेल्वेने केले. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये लोहमार्गाने ओलांडला गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि नगर त्या दोन्हींना जोडणाऱ्या आडव्या दांडीवर आले. दौंडला बदला नाहीतर मनमाडला बदला, शेवट मुंबईच. दुष्काळात गिरणीकडे निघालेली कुटुंबे याच वाटेने गेली. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त नगर आणि राहुरी पानोपानी आहेत, मुलांना घेऊन केलेले प्रवासही आहेत; परंतु ते प्रवास माहेराचे, ताटातुटीचे, प्लेगाचे, बदलीचे. केवळ पाहण्यासाठी मुलांना कुठे नेणे ही कल्पना मराठी मध्यमवर्गात फार उशिरा आली, आणि शेतकरी घरांत तर एसटीनंतर. ती एसटी १ जून १९४८ रोजी पहिल्यांदा धावली ती पुणे-नगर याच रस्त्यावर, हे मात्र इथल्या प्रत्येकाला पाठ असते. असो.

तर बेत बदलला. मुंबईऐवजी रेवदंडा, चौल आणि कोर्लई. पत्नीचा पहिला प्रश्न व्यवहाराचा होता, "अहो, पण जायचं कसं?" पुण्याला गाडी बदलून अलिबाग, तिथून दक्षिणेला रेवदंडा, एकूण सुमारे २८० किलोमीटर. निकितिनचे तीन आठवडे आता एका दिवसात बसतात. तिकिटांचा हिशेब मुलीने केला. दोन्ही मुले पाच ते बारा वर्षांमधली म्हणून अर्धे तिकीट, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट म्हणून आईचेही अर्धे, आजी पंचाहत्तरीच्या पुढची म्हणून तिचा प्रवास फुकट. पूर्ण भाडे भरणारा माणूस घरात मी एकटाच निघालो.

मुलांना तिथे काय दाखवायचे याची यादी मी केली आणि निम्मी खोडली. हमामखाना, राजकोटाचे अवशेष, रामेश्वराचे मंदिर, रेवदंड्याच्या तटातला सातखणी मनोरा. सहा वर्षांचे मूल अवशेषांपुढे किती वेळ उभे राहील? त्याला वाळू हवी. ती रेवदंड्याच्या सुरूच्या बनापुढे भरपूर आहे. २००२ पासून रेवदंड्यात निकितिनचे स्मारक उभे आहे. रशियाने आपल्या व्यापाऱ्याची आठवण तिथे जागवली, नगरने आपल्या बंदराची नाही. मुलीला मात्र कोर्लई हवे आहे, आणि किल्ल्याहून अधिक तिथली भाषा. कोर्लई गावात अजून काही शे माणसे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली क्रिस्ती बोलतात. तिला ती स्वतः 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. किल्ले हरले आणि जिंकले गेले, पण चारशे वर्षांचा तो शेजार घराघरांत बोलला जातो, याची नोंद भाषाशास्त्रज्ञांनी घेतली. आपण साहित्याच्या वर्गात ती क्वचितच घेतो.

आईने शेवटपर्यंत विरोध सोडला नाही, पण पिशवी भरायला घेतली आहे. गडावर ती चढणार नाही. बनात चटईवर बसेन म्हणते. मुलीने जिल्ह्याच्या नकाशाला डाव्या बाजूने कोरा कागद चिकटवला, त्यावर जुन्नर, घाट, पाली आणि चौल काढले आणि पुढे निळा रंग दिला. रंग कमी पडला म्हणून तिने धाकट्याची खडूची पेटी घेतली, त्यावरून भांडण झाले, आणि समुद्राचा खालचा कोपरा अजून पांढराच आहे.