चकाकीचा इतिहास : दुर्बिणीच्या आरशापासून मोटारीच्या बॉनेटपर्यंत

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर आहे. तेथे माझ्या एका माजी विद्यार्थ्याने घरापुढे पत्र्याची शेड टाकून गाड्या धुण्याचे व पॉलिश करण्याचे काम सुरू केले आहे. एका उन्हाळ्यात तो पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. गिऱ्हाइकाच्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटची कड त्याच्या हातून पार पांढरी झाली होती. "सर, चमकवाले गेलो अन् कलरच निंगून गेला," तो म्हणाला. मग थोडा थांबून त्याने विचारले, "पॉलिश त आपण लावतो, मंग कमी कसं होते?"

तीस वर्षे विज्ञान शिकवूनही या प्रश्नाचे नेमके उत्तर मला चटकन देता आले नाही. घर्षण, परावर्तन हे धडे आपण वर्गात घेतो, पण "घासल्याने पृष्ठभाग का चकाकतो?" हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. उत्तर शोधताना ध्यानात आले की, हा प्रश्न तीनशे वर्षे जुना आहे आणि त्यात न्यूटनपासून अनेक नामवंत गुंतलेले आहेत.

चिंच, राख आणि कल्हईवाला

घरापासूनच सुरुवात करू. सणापूर्वी पितळेची भांडी चिंच आणि राखेने घासली जात, हे अनेकांनी पाहिले असेल. यात दोन वेगळी कामे होतात. चिंचेतील आम्ल भांड्यावरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवते, तर राखेचे बारीक कण पृष्ठभाग खरवडतात. एक काम रसायनाचे, दुसरे यंत्रशास्त्राचे.

कल्हईवाल्याचा पोऱ्याही आठवा. मोठ्या पातेल्यात फडके व वाळू टाकून तो त्यात उभा राही आणि दोन्ही हातांनी आधार धरून कमरेपासून डावी-उजवीकडे वळत राही. पाय घासत असतानाच तो हळूहळू जागाही बदलत असे. एका वेळी दोन गती! जागा बदलली नाही तर एकाच ठिकाणी खोल चर पडतील, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. ही दुहेरी गती लक्षात ठेवा. पुढे तीच आपल्याला बड्या शास्त्रज्ञांच्या कार्यशाळेत भेटणार आहे.

हाताची नक्कल करणारे यंत्र

न्यूटनने स्वतः दुर्बिणीचा धातूचा आरसा घासून तयार केला होता आणि पॉलिशसाठी डांबरासारख्या चिकट पदार्थाचा थर वापरला होता. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने मत मांडले की, पॉलिश करणे म्हणजे पृष्ठभाग पूर्णपणे गुळगुळीत करणे नव्हे. वाळू वा तत्सम कण मोठे चरे काढून त्यांच्या जागी लहान चरे पाडतात. ते इतके सूक्ष्म झाले की डोळ्यांना दिसत नाहीत, इतकेच.

१७८१ साली युरेनसचा शोध लावणारा विल्यम हर्शेल आपल्या दुर्बिणींचे आरसे स्वतः घासत असे. एकदा आरशाला अखेरचा हात देताना त्याने सलग १६ तास हात उचलला नव्हता आणि त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवीत होती, अशी नोंद तिच्या आठवणींत आहे.

आरसे मोठे होऊ लागले तसा माणसाचा हात अपुरा पडू लागला. आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी वाफेच्या शक्तीवर चालणारे यंत्र बनवले. लिव्हरपूलमध्ये बिअरचा व्यवसाय करणारा हौशी खगोलनिरीक्षक विल्यम लॅसेल ते पाहायला गेला. त्याच्या २४ इंची आरशासाठी मात्र तशा यंत्राने त्याचे समाधान झाले नाही. लहान आरसे हाताने घासताना त्याला उत्तम पृष्ठभाग मिळत होता. मग हाताचीच गती यंत्राला का देऊ नये? जेम्स नॅस्मिथ या अभियंत्याच्या मदतीने त्याने वर्तुळावर वर्तुळ फिरावे अशी संयुक्त गती देणारे यंत्र तयार केले. त्यावर घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून १८४६ साली त्याने नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन शोधला. नेपच्यून सापडून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

महाराष्ट्राशीही या कलेचा जवळचा संबंध आला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तेथे १८८८ साली आलेल्या २० इंची दुर्बिणीचा आरसा अँड्र्यू कॉमन या इंग्रज हौशी खगोलशास्त्रज्ञाने घडवला होता. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. पुढे पुण्याच्याच आयुका संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. अशा कार्यशाळेत काच पुढे-मागे घासायची, अधूनमधून ती थोडी फिरवायची आणि स्वतः मेजाभोवती सरकत राहायचे, असा नियम असतो. हेतू एकच, कोणत्याही कणाने पुन्हा त्याच वाटेने जाऊ नये.

चकाकी म्हणजे नेमके काय?

प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) पृष्ठभागावरील उंचसखलपणा याच्या बराच खाली गेला की परावर्तित किरण विखुरत नाहीत आणि पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. हे झाले प्रकाशाचे. पण पदार्थाचे काय होते?

येथे मतभेद झाले. लॉर्ड रॅले यांनी १९०१ च्या सुमारास काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांना चरे क्रमाने बारीक होताना दिसले नाहीत. उंच भागांचे माथे आरंभापासूनच गुळगुळीत होते आणि त्यांचे क्षेत्र वाढत गेले. म्हणजे द्रव्य जवळजवळ रेणू-रेणूने निघत असावे. जॉर्ज बिल्बी यांचे म्हणणे वेगळे होते. पृष्ठभागाचा पातळ थर द्रवासारखा वाहतो आणि खड्डे भरून निघतात, असे त्यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात मांडले. १९३७ साली बाउडन आणि ह्यूज यांनी केंब्रिजमध्ये एक सुंदर प्रयोग केला. कापूर सुमारे १७८ अंश सेल्सियसला वितळतो. त्याने सुमारे ७० अंशांना वितळणारा वूड्स मेटल हा मिश्रधातू चकाकला, पण त्याहून उच्च वितळणबिंदूच्या कथिलावर काहीच परिणाम झाला नाही. घर्षणस्थानी निर्माण होणारी उष्णता महत्त्वाची असते, हे त्यातून दिसले. पुढे ऑस्ट्रेलियातील लिओनार्ड सॅम्युएल्स यांनी दाखवले की, धातूंच्या नेहमीच्या पॉलिशमध्ये कण छोट्या छिन्नीसारखे द्रव्य कापतच असतात. धातूंपुरता न्यूटन बराचसा बरोबर होता. काचेच्या बाबतीत मात्र पाणी व पॉलिशची भुकटी यांची रासायनिक क्रियाही भाग घेते. चिंच आणि राखच पुन्हा!

या साऱ्यातून माझ्या विद्यार्थ्यासाठी एवढे उत्तर निघाले : चकाकी लावली जात नाही, ती खाली उघडी होते. प्रत्येक पॉलिशमध्ये काही द्रव्य कायमचे जाते.

वऱ्हाडचा कापूस आणि ड्यूको

मोटारी सुरुवातीला तेलाच्या रंगाने व वार्निशने रंगवत आणि ते थर सुकायला आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीचा 'ड्यूको' हा रंग बाजारात आला आणि हे काम झपाट्याने होऊ लागले. त्याचा पाया होता नायट्रोसेल्युलोज. ते कापसापासून बनते. सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू त्यासाठी वापरले जातात. कापसाच्या या मुलखातल्या वाचकांना हे सांगताना मला विशेष आनंद होतो. आपल्याकडचे रंगारी अजूनही 'ड्यूको' हा शब्द वापरतात, तो येथूनच आला.

हा रंग फवारल्यावर मंद दिसे. त्याला झळाळी यायची ती घासल्यावरच. म्हणून 'रबिंग' हा गॅरेजमधला एक धंदाच झाला. रंगाचा थर जाड असल्याने थोडा गेला तरी चाले. १९८० नंतर जगभर रंगावर पारदर्शक 'क्लिअर कोट' देण्याची पद्धत रुळली. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ असतो. जुन्या सवयीने जोर लावून घासणाऱ्याला आता चुकायला जागा उरली नाही. पॉलिशच्या फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग जुन्या पद्धतीचा आहे किंवा क्लिअर कोट संपला आहे, असे समजावे व थांबावे.

दोन गतींचे गणित

विद्यार्थ्याचे पहिले यंत्र एकाच अक्षाभोवती फिरणारे होते. त्याची तबकडी १५ सेंमी व्यासाची आणि गती मिनिटाला १५०० फेरे धरू. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. परीघ सुमारे ४७ सेंमी, म्हणून कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १२ मीटर.

दुहेरी गतीच्या यंत्रात, ज्याला दुकानात 'डीए मशीन' म्हणतात, तबकडीचा अक्ष मोटारीच्या अक्षापासून थोडा बाजूला असतो. त्यामुळे संपूर्ण तबकडी एका लहान वर्तुळात घुमते. शिवाय ती स्वतःच्या अक्षावर, बेअरिंगवर मोकळी असल्याने हळू फिरतही राहते. या लहान वर्तुळाचा व्यास ८ मिमी आणि गती मिनिटाला ४००० फेरे धरली, तर वर्तुळाचा परीघ २५ मिमी आणि वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटर येतो. पहिल्याच्या सातव्या भागाइतका! उष्णता घर्षणबल गुणिले वेग या प्रमाणात निर्माण होते. दाब तोच असेल तर उष्णताही सातपट कमी. शिवाय कणांच्या वाटा सतत बदलतात. पहिले यंत्र लांब, एकदिश कमानी ओढते, हे यंत्र लॅसेलच्या हाताची आठवण ठेवते.

बॉनेटची कड का गेली, हेही आता कळते. कडेवर सारा दाब अरुंद पट्टीवर येतो, तेथे रंगाचा थर बहुधा पातळ असतो, आणि वेगवान तबकडी एका जागी रेंगाळली होती.

वापर आणि निगा

गाडी आधी स्वच्छ धुवावी. धुळीचा एक कण पॅडखाली राहिला तर यंत्र त्याच्याच चऱ्यांचे जाळे विणील. आपल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की क्षारांचे ठिपके उरतात. म्हणून पाणी लगेच टिपून घ्यावे. पत्रा तापलेला असताना पॉलिश करू नये. मे महिन्यात तर सकाळी लवकर, सावलीतच काम करावे. नाहीतर कंपाउंड मिनिटभरात सुकते.

प्रथम सर्वांत सौम्य कंपाउंड आणि मऊ फोम घेऊन एका छोट्या जागी चाचणी घ्यावी. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन पुरे. यंत्र पॅड टेकवल्यावरच सुरू करावे, आधी मंद गतीने कंपाउंड पसरावे, मग गती वाढवावी. हात सेकंदाला दोन-तीन सेंमी इतकाच सरकावा. विणकरासारखे एकदा उभे, एकदा आडवे पट्टे घ्यावेत व प्रत्येक पट्टा मागच्याच्या निम्म्यावर यावा. कडांना चिकटपट्टी लावून ठेवावी.

तबकडीच्या कडेवर पेनने एक रेघ ओढावी. रेघ फिरताना दिसली तर दोन्ही गती चालू आहेत. दाब जास्त झाला किंवा यंत्र तिरके धरले तर तबकडी नुसती थरथरते, फिरत नाही.

प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने पॅड मोकळे करावे. जमिनीवर पडलेले पॅड धुतल्याशिवाय वापरू नये. काम झाल्यावर पॅड साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. यंत्राच्या जाळीतील धूळ हवेने काढावी. ठिणग्या वाढल्या किंवा यंत्र अडखळू लागले तर कार्बन ब्रश पाहावेत, घरघर वाढली तर बेअरिंग. ठरलेल्या मापाचीच तबकडी लावावी, कारण आतील प्रतिभार तिच्याच वजनाला तोललेला असतो. ब्रश किंवा पॅड बदलताना प्लग काढावा आणि ओल्या फरशीवर यंत्र चालवू नये.

वर्गात करून पाहा

वापरून जुने झालेले स्टीलच्या डब्याचे झाकण घ्या आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर विजेरीचा प्रकाश टाका. प्रतिबिंबाभोवती चऱ्यांची वर्तुळे दिसतील. विजेरी हलवा, वर्तुळेही तिच्याबरोबर सरकतील! चरे तर सर्व दिशांना आहेत. मात्र जे प्रकाशाच्या दिशेला आडवे पडतात तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. काळ्या गाडीवर उन्हात दिसणारे 'कोळ्याचे जाळे' ते हेच.

माझ्या विद्यार्थ्याने त्या गिऱ्हाइकाचे बॉनेट पदरच्या पैशाने रंगवून दिले आणि पुढे दुहेरी गतीचे यंत्र घेतले. परवा त्याच्या शेडवर गेलो तेव्हा तो विजेरी धरून एका गाडीच्या दारावरचा खोल चरा पाहत होता. त्यावरून त्याने नख फिरवले. नख अडकले. तो मालकाला म्हणाला, "भाऊ, हा राहू द्या. हा काढाले गेलो त वरचा थर संपून जाईन."