स्टार ट्रेकवरील संगणक खेळ आणि खेळाडूंची मते

स्टार ट्रेक या अमेरिकन विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेवर आधारित संगणक खेळ १९७१ पासून तयार होत आले आहेत. केवळ अक्षरांनी आणि अंकांनी खेळल्या जाणाऱ्या आज्ञावलीपासून आभासी वास्तवाच्या उपकरणापर्यंत, संगणकाच्या प्रत्येक पिढीवर या मालिकेचा एखादा तरी खेळ निघाला. या खेळांविषयी खेळाडूंनी वेळोवेळी जी मते मांडली, त्यांत एक वाद सातत्याने आढळतो. मूळ मालिका शोध, संवाद आणि नैतिक पेच यांची आहे. तिच्यावरचे खेळ मात्र बहुतांशी लढाईचे आहेत. तांत्रिकदृष्ट्या साधे असूनही लक्षात राहिलेले खेळ आणि भरपूर खर्च करूनही विस्मरणात गेलेले खेळ यांच्यातील फरक या वादाच्या आधारे बराचसा समजतो.

पार्श्वभूमी

जीन रॉडनबेरी यांनी निर्मिलेली मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन पर्वांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. पुढे पुनःप्रसारणामुळे तिला मोठा चाहतावर्ग मिळाला. द नेक्स्ट जनरेशन (१९८७–९४), डीप स्पेस नाइन (१९९३–९९) आणि व्हॉयेजर (१९९५–२००१) या तिच्या पुढच्या मालिका होत.

मूळ मालिकेची रचना कप्तानाच्या निर्णयाभोवती बांधलेली आहे. एंटरप्राइझ यानाचा कप्तान कर्क एका बाजूला स्पॉकचा तर्क ऐकतो, दुसऱ्या बाजूला डॉक्टर मॅकॉयचा जिव्हाळा, आणि निर्णय स्वतः घेतो. अल्पविकसित संस्कृतींच्या वाटचालीत ढवळाढवळ करू नये हा 'प्राइम डायरेक्टिव्ह' नावाचा नियम त्या निर्णयाला आणखी अवघड करतो. खेळ रचणाऱ्यापुढची अडचण येथेच सुरू होते. नेम धरणे, मारा करणे आणि गुण मोजणे हे संगणकाला सहज जमते. समोरच्याचे मन वळविणे किंवा शस्त्र न उचलण्याचा निर्णय घेणे यांना गुण कसे द्यावेत, हे ठरविणे कठीण असते.

आरंभ: परवान्याविना लिहिलेला खेळ

पहिला महत्त्वाचा खेळ कोणत्याही कंपनीने काढलेला नव्हता. माइक मेफील्ड हा शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थी १९७१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संगणककक्षात जात असे. तेथील एसडीएस सिग्मा ७ या संगणकावर त्याने बेसिक भाषेत हा खेळ लिहिला. त्याचा त्या संगणकावरील प्रवेश पुढे संपला. एचपी-३५ हे गणकयंत्र विकत घेतल्यानंतर तो हेवलेट-पॅकार्डच्या स्थानिक विक्री कार्यालयात जाऊ लागला. तेथील लोकांनी त्याला आपला संगणक वापरू दिला, आणि त्या बदल्यात त्या संगणकासाठी हाच खेळ लिहून मागितला. ही आवृत्ती ऑक्टोबर १९७२ मध्ये पूर्ण झाली. ती सर्वांना खुली असल्यामुळे तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या.

डेव्हिड आल यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बेसिक खेळांच्या संग्रहात या खेळाचा समावेश केला. पुढच्याच वर्षी बॉब लीडम यांनी त्यात मोठ्या सुधारणा केल्या, आणि 'सुपर स्टार ट्रेक' नावाने ओळखली जाणारी ही आवृत्ती आल यांच्या संग्रहाच्या १९७८ च्या सूक्ष्मसंगणक आवृत्तीत आली. दहा लाखांहून अधिक प्रती खपलेले संगणकविषयक पहिले पुस्तक म्हणून हा संग्रह ओळखला जातो. पुस्तकात आज्ञावली ओळीने छापलेली असे आणि खेळायचे असल्यास वाचकाने ती स्वतः टंकलिखित करावी लागे. त्यामुळे खेळाडूच खेळात बदल करू लागला, चुका दुरुस्त करू लागला, नवी शस्त्रे घालू लागला. या खेळाविषयीची त्या काळातील बरीचशी 'मते' अशा बदललेल्या आवृत्त्यांच्या रूपानेच शिल्लक आहेत.

खेळाची मांडणी साधी आहे. आकाशगंगेचे ८ गुणिले ८ असे ६४ विभाग, आणि प्रत्येक विभागात पुन्हा ६४ घरे. यानाजवळ ३,००० एकक ऊर्जा आणि १० टॉर्पेडो असतात. ठरलेल्या दिवसांत सर्व क्लिंगॉन जहाजे नष्ट करायची असतात. शेजारच्या विभागात काय आहे हे तीन अंकी संख्येने कळते: शतकस्थानी शत्रूची जहाजे, दशकस्थानी तळ, एककस्थानी तारे. ढाल, इंजिन आणि शस्त्रे यांना एकाच साठ्यातून ऊर्जा मिळते, म्हणून प्रत्येक हालचालीला किंमत मोजावी लागते. लीडम यांच्या आवृत्तीत उहुरा, स्कॉट, चेकॉव्ह आणि स्पॉक यांच्या नावाने पडद्यावर अहवाल येतात. स्वतःचाच तळ उडविणाऱ्या कप्तानाला लष्करी न्यायालयाचा इशारा मिळतो. चित्र एकही नाही. तरी आपण यानाच्या नियंत्रणकक्षात बसलो आहोत असे वाटते, हे या खेळाचे वैशिष्ट्य जुने खेळाडू आवर्जून सांगतात. वस्तुतः हा खेळही शत्रूसंहाराचाच आहे. मात्र त्यात कौशल्य नेमाचे नसून हिशेबाचे आहे, आणि कप्तानपणाचा प्रत्यय तेथून येतो.

याच परंपरेतील 'ट्रेक' हा खेळ एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे लिहिला. बर्कली युनिक्ससोबत तो वितरित झाला आणि लिनक्सवरील जुन्या खेळांच्या संचात आजही मिळतो.

संवादप्रधान खेळ

परवाना घेऊन काढलेल्या खेळांपैकी इंटरप्ले कंपनीचे 'ट्वेंटीफिफ्थ ॲनिव्हर्सरी' (१९९२) आणि 'जजमेंट राइट्स' (१९९३) हे दोन खेळ चाहत्यांच्या चर्चेत नेहमी वरच्या स्थानी असतात. दूरचित्रवाणीवरील भागांप्रमाणे यांतही स्वतंत्र मोहिमा आहेत. खेळाडू कर्कच्या भूमिकेत स्पॉक आणि मॅकॉय यांना सोबत घेऊन ग्रहावर उतरतो, लोकांशी बोलतो, कोडी सोडवितो. पहिल्या खेळात मोहीम संपल्यावर स्टारफ्लीटकडून टक्केवारीत मूल्यमापन मिळते. उद्दामपणे बोलणाऱ्या किंवा विनाकारण गोळी झाडणाऱ्या कप्तानाची मोहीम यशस्वी झाली तरी टक्केवारी घसरते. संयमाला गुण देण्याचा हा मार्ग साधा असला तरी परिणामकारक ठरला. सीडी आवृत्त्यांना मूळ नटसंचाने आवाज दिल्यामुळे या खेळांना मालिकेचे चौथे पर्व मानणारे चाहतेही आहेत.

तक्रारी अर्थातच होत्या. पहिल्या खेळातील यानांच्या लढाया, विशेषतः शेवटची, अनेकांना अतोनात कठीण वाटली. नकाशावरील ताऱ्यांची नावे फक्त पुस्तिकेत दिलेली होती आणि चुकीच्या ताऱ्याकडे गेल्यास शत्रूची गाठ पडे. ही नक्कलप्रतिबंधाची युक्ती होती. पुस्तिका हरविलेल्या प्रामाणिक ग्राहकालाही ती तेवढीच छळत असे. 'जजमेंट राइट्स'मध्ये लढाईची काठिण्यपातळी कमी करण्याची किंवा लढाई पूर्णपणे वगळण्याची सोय देण्यात आली. खेळाडूंना कशाची गोडी होती आणि कशाची नव्हती, याचा हा अप्रत्यक्ष कौल म्हणता येईल.

'अ फायनल युनिटी' (१९९५) या खेळाने हीच पद्धत पिकार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांसाठी वापरली. 'बर्थ ऑफ द फेडरेशन' (१९९९) हा साम्राज्य उभारणीचा खेळ होता. डाव लांबला की प्रत्येक फेरी असह्यपणे संथ होते, हा त्याच्यावरचा आक्षेप रास्त होता. तरीही चाहते त्यात अनेक वर्षे बदल करीत राहिले.

लढाऊ खेळ आणि त्यांचे स्वागत

लढाईचे खेळ चाहत्यांना मुळातच नकोसे होते, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. रेव्हन सॉफ्टवेअरने तयार केलेला 'एलिट फोर्स' (२०००) हा क्वेक ३ च्या तंत्रावर बांधलेला नेमबाजीचा खेळ समीक्षक आणि खेळाडू या दोघांनाही आवडला. त्याची लांबी अपुरी असल्याची तक्रार मात्र सार्वत्रिक होती. २००१ मधील त्याच्या पुरवणीत व्हॉयेजर यानाच्या मजल्यांवरून मोकळेपणी हिंडण्याची सोय होती. नेमबाजीच्या खेळात शत्रूविना नुसते फिरणे लोकांना आवडावे, हे त्या काळातील प्रकाशकांना थोडे अनपेक्षित वाटले असल्यास नवल नाही.

'ब्रिज कमांडर' (२००२) मध्ये खेळाडू कप्तानाच्या खुर्चीत बसून सहकाऱ्यांना आज्ञा देतो. कथालेखनात मूळ मालिकेच्या लेखिका डी. सी. फोंटाना यांचा सहभाग होता. मोहिमा मोजक्या होत्या. मात्र खेळाची बरीचशी रचना पायथन भाषेत उघडपणे लिहिलेली असल्याने चाहत्यांनी नवी याने, शस्त्रे आणि मोहिमा घडवून त्याचे आयुष्य खूप वाढविले. १९७० च्या दशकात पुस्तकातून आज्ञावली उतरवून घेणाऱ्या खेळाडूंची प्रवृत्तीच येथे पुन्हा दिसते.

परवान्याचा वाद

ॲक्टिव्हिजनने १९९८ मध्ये दीर्घ मुदतीचा परवाना मिळविला होता. २००३ मध्ये या कंपनीने मालिकेची मालक असलेल्या व्हायकॉमवर दावा लावला. नवे चित्रपट आणि मालिका पुरेशा प्रमाणात न काढता व्हायकॉमने मालिकेचे मोल घटू दिले, असा तिचा आरोप होता. त्या सुमारास 'एंटरप्राइझ' ही एकच मालिका चालू होती. २००५ मध्ये हा वाद तडजोडीने मिटला. दरम्यानच्या काळात नव्या खेळांचा ओघ आटला. खेळ चांगला की वाईट यापेक्षा परवाना कोणाकडे, यावर त्याचे भवितव्य ठरते, ही जाणीव चाहत्यांमध्ये येथून पक्की झाली.

२०१३ मध्ये चित्रपटाच्या जोडीने आलेल्या 'स्टार ट्रेक' या खेळावर सडकून टीका झाली. त्यातील तांत्रिक दोष आणि मालिकेशी विसंगत अशी अखंड गोळीबाजी हे प्रमुख आक्षेप होते. चित्रपटाचे दिग्दर्शक जे. जे. एब्रॅम्स यांनीही या खेळाविषयी उघडपणे नाराजी व्यक्त केली.

स्टार ट्रेक ऑनलाइन

क्रिप्टिक स्टुडिओजचा हा बहुखेळाडू खेळ २ फेब्रुवारी २०१० रोजी सुरू झाला आणि जानेवारी २०१२ पासून विनाशुल्क खेळता येऊ लागला. सुरुवातीला तो अपुरा आणि लढाईच्या आहारी गेलेला वाटतो, असे अनेकांचे मत होते. पुढे कथाभाग वाढत गेले, मूळ मालिकांतील कलावंतांनी आपापल्या पात्रांना आवाज दिला आणि मत हळूहळू बदलले. नशिबावर अवलंबून असलेल्या पेट्या पैसे देऊन उघडण्याची पद्धत मात्र आजही टीकेचा विषय आहे. विनाशुल्क प्रवेशाची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजतेच, आणि उत्तम याने अशा पेट्यांत ठेवली की ती संग्राहक वृत्तीचा खेळाडू मोजतो.

खेळाडूंना सर्वांत जास्त लागलेली गोष्ट 'फाउंड्री' या साधनाशी संबंधित आहे. त्याच्या साहाय्याने खेळाडू स्वतः मोहिमा लिहून इतरांना खेळायला देत. त्यांतील कित्येक मोहिमांत लढाई नाममात्र होती आणि मुख्य भर संवादावर होता. म्हणजे अधिकृत खेळात जे कमी पडते असे चाहते म्हणत, ते त्यांनी स्वतः लिहून काढले होते. हे साधन सांभाळणे तांत्रिकदृष्ट्या कठीण झाल्याचे सांगून ते एप्रिल २०१९ मध्ये बंद करण्यात आले. मोहिमा कंपनीच्या संगणकांवर होत्या, त्यामुळे त्या खेळण्याचा मार्गही त्याबरोबर संपला. छापील पुस्तकातून उतरविलेली पन्नास वर्षांपूर्वीची आज्ञावली आज चालविता येते आणि दहा वर्षांपूर्वीची मोहीम चालविता येत नाही, हा विरोधाभास खेळांच्या जतनाविषयीच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

अलीकडचे खेळ

'ब्रिज क्रू' (२०१७) मध्ये चार खेळाडू कप्तान, सुकाणू, शस्त्रे आणि इंजिन अशी कामे वाटून घेतात. सुरुवातीला त्यासाठी आभासी वास्तवाचे उपकरण लागे. त्याच वर्षाच्या अखेरीस ती अट काढण्यात आली. मोहिमा थोड्या, पण चार ओळखीची माणसे एकत्र आली की खेळ रंगतो, असे त्याच्याविषयी सर्वसाधारण मत आहे. 'रिसर्जन्स' (२०२३) हा संवाद आणि निवडींवर आधारलेला खेळ आहे. त्यातील तांत्रिक दोषांवर टीका झाली आणि कथेची मात्र प्रशंसा झाली.

भारतातील संदर्भ

मूळ मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखविली गेली, त्यामुळे महाराष्ट्रातील एका पिढीला कर्क आणि स्पॉक ही पात्रे परिचित आहेत. त्याच दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' ही भारतीय अंतराळमालिका आली आणि १९९८ मध्ये केतन मेहता यांची, मिलिंद सोमण यांची प्रमुख भूमिका असलेली 'कॅप्टन व्योम' ही मालिका आली. स्टार ट्रेकचे खेळ मुख्यतः इंग्लिशमध्ये आहेत. नेमबाजीच्या खेळात भाषेची अडचण फारशी जाणवत नाही. संवादप्रधान खेळांचे तसे नाही. 'ट्वेंटीफिफ्थ ॲनिव्हर्सरी'मधील एखादे उत्तर उर्मट आहे की केवळ ठाम, हे ओळखण्यावर खेळाडूचे गुण ठरतात. त्यामुळे चाहते ज्या खेळांना मालिकेशी सर्वाधिक प्रामाणिक मानतात, तेच इंग्लिशचा सराव नसलेल्या मराठी खेळाडूला सर्वांत दुर्गम आहेत.

उपलब्धता

ॲक्टिव्हिजनच्या काळातील 'एलिट फोर्स', 'आर्मडा' आणि 'ब्रिज कमांडर' यांसह अनेक खेळ दीर्घकाळ अधिकृतपणे विकत मिळत नव्हते. २०२१ मध्ये ते जीओजी या संकेतस्थळावर पुन्हा विक्रीस आले. मधल्या काळात ते नव्या संगणकांवर चालते ठेवण्याचे काम चाहत्यांनी केले होते. 'सुपर स्टार ट्रेक'ची आवृत्ती आधुनिक भाषांमध्ये लिहून पाहणे हा नवशिक्या आज्ञावलीकारांचा अभ्यासपाठ म्हणून आजही चालू आहे.