ओसरीवरची अंकशाळा

तंजावरवर मराठ्यांचे राज्य होते त्या काळी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावोगावी ओसरीवर शाळा भरत. ओसरीला तमिळमध्ये ‘तिण्णै’ म्हणतात. म्हणून त्या तिण्णै शाळा. मुले वाळूत बोटाने अंक गिरवीत आणि ‘एण्सुवडी’ या अंकपोथीतील कोष्टके एकसुरात म्हणत. आपल्या पावकी-निमकीप्रमाणे तेथेही अपूर्णांक मुखोद्गत करवून घेत. कारण खळ्यावर भाताची मापे पडताना ज्याला हिशेब येत नसे, त्याला फसण्याचे भय असे. सरफोजी महाराजांनी (१७९८–१८३२) छत्रांतून विनामूल्य शिक्षणाची सोय केली. तरीही मुली आणि शेतमजुरांची मुले बहुधा शाळेबाहेरच राहिली.

मुलींची अंकशाळा घरातच होती. ‘पल्लांगुळी’च्या पाटावर सात-सात खळग्यांच्या दोन ओळी असतात. एका खळग्यातील चिंचोके किंवा कवड्या उचलून पुढील प्रत्येक खळग्यात एकेक टाकीत जायचे. हातातले चिंचोके कोठवर पुरतील, याचा अंदाज बांधता बांधता मोजणी अंगवळणी पडते. पाठांतराने वेग येतो. संख्येशी मैत्री मात्र वस्तू हाताळूनच जुळते. बालवर्गात आज चिंचोके मांडले जातात, तेव्हा या दोन्ही शाळा एकत्र येतात आणि दार सर्वांना उघडे असते.