दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस : सुब्रोतो बॅनर्जी आणि विदर्भाचे वेगवान गोलंदाज

#धागा
१ जानेवारी २०१८. इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि रणजी करंडक प्रथमच नागपूरला आला. १९५७-५८ पासून हा संघ स्पर्धेत होता. साठ वर्षांत त्याला अंतिम फेरीही पाहायला मिळाली नव्हती. या विजयाची कथा सांगताना कर्णधार फैज फझल, मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी ही तीन नावे हमखास येतात. आजचा धागा चौथ्या नावाविषयी आहे : गोलंदाजी प्रशिक्षक सुब्रोतो बॅनर्जी.

आधी थोडी पार्श्वभूमी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. क्रिकेटने मात्र हा नकाशा मानला नाही. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ राहिले, ते आजतागायत. चंद्रपूर-गडचिरोलीचा, म्हणजे आपल्या ब्रह्मपुरीचाही, मुलगा रणजी खेळायचा तर विदर्भाकडूनच. आणि विदर्भाकडून खेळणे म्हणजे हरण्याची सवय लावून घेणे, असे कित्येक दशके होते.

बॅनर्जी मूळचे पाटण्याचे, जन्म १९६९ चा. बिहार आणि बंगालकडून खेळलेले मध्यमगती गोलंदाज. त्यांची कसोटी कारकीर्द एका सामन्याची आहे : सिडनी, जानेवारी १९९२. याच कसोटीत शेन वॉर्नने पदार्पण केले, रवी शास्त्रींनी २०६ आणि अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद १४८ धावा केल्या. बॅनर्जींनी पहिल्या डावात मार्क टेलर, जेफ मार्श आणि मार्क वॉ असे तीन मोहरे टिपले, अवघ्या ४७ धावांत. दुसऱ्या डावात त्यांच्या हाती चेंडू आला नाही. पुढल्या कसोटीत जागा मिळाली नाही, नंतरही कधी नाही. सहा एकदिवसीय सामने धरले तरी आंतरराष्ट्रीय हिशेब एवढाच. मला स्वतःला त्या संघनिवडीचे आजही नवल वाटते; पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

असा खेळाडू पुढे काय करतो? बहुतेकदा दुसऱ्या क्रमांकाचा प्रशिक्षक होतो. ही भूमिका क्रिकेटमध्ये उशिरा आली. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ती फार जुनी आहे. तिथल्या महाविद्यालयीन संघांतही चेंडू फेकणाऱ्या ‘पिचर’साठी स्वतंत्र सहाय्यक प्रशिक्षक असतो. गंमत अशी की तिथल्या वरच्या श्रेणीच्या नियमांत मुख्य प्रशिक्षकाखाली दोनच पगारी सहाय्यक बसत. तिसरा ठेवायचा तर तो ‘स्वयंसेवक’, म्हणजे बिनपगारी. काम मात्र पूर्णवेळ. ही तरतूद रद्द व्हायला जुलै २०२३ उजाडावे लागले. नाटकात पडद्याआडून शब्द पुरवणाऱ्यासारखेच हे : तो चुकला तर प्रयोग अडतो, पण टाळ्यांना पुढे कधी येत नाही.

विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या नागपुरातील अकादमीत बॅनर्जी आले, आणि त्यांच्या हाताखाली उमेश यादव आला. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला, खाणकामगाराचा मुलगा. वेकोलिची वसाहत म्हणजे काय, हे चंद्रपूरकडच्या वाचकांना सांगायला नको. विशीपर्यंत त्याने टेनिस चेंडूच टाकला होता. २००८ मध्ये रणजी पदार्पण, २०११ मध्ये कसोटी. विदर्भाकडून कसोटी संघात पोचलेला तो पहिला खेळाडू. वेग उपजत होता. दिशा हवी होती. टेनिस चेंडूला शिवण नसते, त्यामुळे मनगट चेंडूच्या सरळ मागे ठेवण्याची सवय त्या खेळातून लागत नाही. ती पुढे शेकडो दिवस नेटमध्ये तोच चेंडू पुन्हा पुन्हा टाकून लावावी लागते, आणि मागे उभे राहून पाहणारा डोळा लागतो. आपल्या गोलंदाजीत झालेल्या सुधारणेचे श्रेय उमेशने वेळोवेळी बॅनर्जींना दिले आहे.

२०१७ मध्ये पंडित नागपूरला आले. त्याच वर्षी जानेवारीत, त्याच होळकर मैदानावर, त्यांच्या मुंबईने गुजरातकडून रणजीची अंतिम लढत गमावली होती आणि त्यांचे पद गेले होते. पंडितांची शिस्त प्रसिद्धच आहे. पण एका हंगामात शिस्त आणता येते, गोलंदाज उगवत नाहीत. ते आधीपासून अकादमीत तयार होत होते, असे माझे मत.

उपांत्य सामना पाहा. कोलकात्याचे ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. लक्ष्य १९८. शेवटच्या सकाळी ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. कर्नाटक १९२ वर संपले. विदर्भ पाच धावांनी जिंकला. गुरबानीचे त्या डावात ६८ धावांत सात बळी, सामन्यात बारा. हा मुलगा सिव्हिल इंजिनिअर. अफाट वेगाचा नव्हे, चेंडू हवेत वळवणारा.

अंतिम सामन्यात त्याने विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि १४५ धावांवर खेळणारा ध्रुव शोरे यांना लागोपाठ त्रिफळाचीत केले. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅट्ट्रिक. पहिली १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची, मुंबईविरुद्ध. याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणीत पदार्पण केले. पदार्पणासाठी थेट अंतिम सामन्यात नवा वेगवान गोलंदाज उतरवण्याइतका विश्वास विदर्भाकडे कुठून आला, याचे उत्तर धावफलकात शोधून सापडणार नाही.

पुढच्या हंगामात, २०१८-१९ मध्ये, नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले आणि २०२२ मध्ये तिथेही त्यांनी रणजी जिंकून दिली. जानेवारी २०२३ मध्ये बॅनर्जींची पुरुषांच्या राष्ट्रीय निवड समितीवर नेमणूक झाली. एका कसोटीनंतर पुन्हा न निवडलेला गोलंदाज आता इतरांची निवड करणार होता. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक घेतला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते विदर्भाचेच जुने खेळाडू उस्मान गनी, आणि हंगामात विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे हा फिरकी गोलंदाज होता.