तिसरीच्या वर्गाने मागितलेला न्याय

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेक्स्टर नावाचे एक लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथील प्राथमिक शाळेच्या तिसरीच्या वर्गाने एक मोहीम हाती घेतली. वॉशिंग्टनच्या विख्यात स्मिथसोनियन संग्रहालयात विद्युत्‌शास्त्राच्या इतिहासात एडिसनला मानाचे स्थान मिळते. मग निकोला टेस्लाला त्याच्या कार्याला साजेसे स्थान का नाही, असा त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा प्रश्न होता.

हा टेस्ला कोण? 10 जुलै 1856 रोजी, आज क्रोएशियात असलेल्या स्मिल्यान या खेड्यात एका सर्बियन धर्मगुरूच्या घरी त्याचा जन्म झाला. 1884 साली तो न्यूयॉर्कला आला आणि काही काळ एडिसनच्याच कंपनीत नोकरीस राहिला. एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकदिश प्रवाहाचे वीजकेंद्र उभारले होते. परंतु कमी दाबाची ती वीज फार दूर नेता येत नसे. मैलभर अंतरातच तारांमध्ये तिची मोठी हानी होई. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब मात्र रोहित्राच्या साहाय्याने वाढवून वीज दूर नेता येते आणि घराजवळ तो पुन्हा उतरवता येतो. अडचण एवढीच होती, की या प्रवाहावर चालणारी चांगली मोटार उपलब्ध नव्हती. टेस्लाने एकाहून अधिक प्रत्यावर्ती प्रवाह ठरावीक अंतराने मागेपुढे ठेवून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण केले आणि त्यावर मोटार चालवून दाखवली. 1888 साली त्याला या शोधाची एकस्वे मिळाली व ती उद्योगपती वेस्टिंगहाउसने घेतली.

1893 चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन याच प्रत्यावर्ती विजेने उजळले. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेतील स्वामी विवेकानंदांचे भाषण आपल्याला ठाऊक असते; तेथेच टेस्लाने फिरत्या चुंबकीय क्षेत्रात तांब्याचे अंडे उभे फिरवून दाखवले होते, हे क्वचितच कोणी सांगते. 1896 मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. पुढे भारतातही प्रत्यावर्ती प्रवाहाने अंतर जिंकले: 1902 मध्ये शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींत गेली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांत.

तरीही 7 जानेवारी 1943 रोजी टेस्लाचे निधन झाले, ते न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील खोलीत, एकाकी आणि निर्धन अवस्थेत. त्याचा गौरव अजिबात झाला नाही, असे नव्हे. 1917 मध्ये त्याला विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेचे पदक मिळाले, तेही एडिसनच्याच नावाचे! 1960 मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्याचे नाव दिले गेले. परंतु अभियंत्यांच्या ग्रंथांत असलेले हे नाव सामान्य माणसाच्या स्मरणात मात्र राहिले नव्हते.

डेक्स्टरच्या मुलांचे दुःख नेमके हेच होते. शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी देणगीसाठी पत्रे लिहिली, टी-शर्ट विकले आणि जमलेल्या पैशातून टेस्लाचा अर्धपुतळा घडवून घेतला. संग्रहालयाला तो देऊ केला, तेव्हा नकार मिळाला. येथे मोहीम संपू शकली असती. पण एका वर्गाने सोडलेले काम पुढच्या वर्गाने उचलले आणि पुढे टेस्लाचे असे अर्धपुतळे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत विराजमान झाले.

या मुलांनी काय मिळवले? एडिसनला खाली खेचून टेस्लाला वर बसवणे, हा या कथेचा बोध नव्हे. दिवा घरोघरी नेण्याच्या कामी एडिसनचे श्रेय मोठेच आहे. आणि टेस्लाही एकटा नव्हता. फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी स्वतंत्रपणे काम केले होते. एका देव्हाऱ्यातील मूर्ती बदलून दुसरी बसवली, तर अन्याय मिटत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. मुले जे शिकली ते याहून मोलाचे आहे. संग्रहालयातील वा पाठ्यपुस्तकातील इतिहास माणसांनीच निवडून मांडलेला असतो. म्हणून त्याला पुराव्यानिशी, विनयाने, पण न घाबरता प्रश्न विचारता येतो. आणि उत्तर नकारार्थी आले, तरी प्रश्न चुकीचा ठरत नाही.

हीरक महोत्सवी स्मरणिका हीदेखील एक इतिहासमांडणीच असते. संस्थापक, देणगीदार, गुणवंत विद्यार्थी यांची नावे तीत येतात आणि ती यायलाच हवीत. पण साठ वर्षे वेळेवर घंटा देणारे, पावसाळ्यात गळक्या वर्गातील बाके हलवणारे, फी थकलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी होऊ न देणारे हातही याच इतिहासाचे असतात. माजी विद्यार्थ्यांना असे एखादे नाव आठवत असेल, तर ते त्यांनी आपल्या मुलांना सांगावे. न्याय मागण्यासाठी तिसरीतले वयही पुरते. त्यासाठी आधी कोणीतरी ते नाव उच्चारावे लागते.