गमतीच्या गाण्याचा कर्ता : 'काउबॉय' जॅक क्लेमेंट

जॉनी कॅश या अमेरिकन गायकाने १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायन केले. त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर आजवर विपुल लिहिले गेले आहे. खून, पश्चात्ताप, कोठडी, फाशीपूर्वीची शेवटची मिनिटे असे त्यातील गाण्यांचे विषय. त्यामुळे समीक्षकांना तेथे हाताशी पुष्कळ सामग्री मिळते. या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर मात्र एक चमत्कारिक जागा आहे, आणि तिच्यापाशी लिहिणारे सहसा थांबत नाहीत. तुरुंगाची भिंत ओलांडू पाहणाऱ्या व त्यात जीव गमावणाऱ्या कैद्याचे 'द वॉल' हे गाणे संपते, आणि त्याला लागूनच कॅश अंडी चोरून खाणाऱ्या एका घाणेरड्या कुत्र्याचे गाणे म्हणू लागतो. त्यामागून येते प्रेयसीच्या हृदयाच्या न्हाणीघरातून, साखळी ओढून, वाहवून दिलेल्या प्रियकराचे गाणे. कैदी हसतात. ही दोन्ही गाणी एकाच माणसाची आहेत. त्याचे नाव जॅक क्लेमेंट, आणि नॅशव्हिलमध्ये त्याला सगळे 'काउबॉय' म्हणत.

कुत्र्याच्या गाण्याला केवळ टवाळी म्हणून बाजूला सारता येईल असे आम्हांला वाटत नाही. वारंवार तोच गुन्हा करणारा, खोड न जाणारा एक जीव आणि त्याला संपवण्याच्या धमक्या देणारा मालक, इतकाच त्याचा विषय. हे गाणे एखाद्या नाट्यगृहात म्हटले तर विनोदी ठरेल. शिक्षा भोगणाऱ्या शेकडो माणसांपुढे म्हटले की त्याचा अर्थ पालटतो. तेथे बसलेला प्रत्येक जण त्या कुत्र्याच्या जागी एकदा तरी उभा राहिलेला असतो. 'द वॉल'मध्ये त्यांची कीव केली गेली. येथे त्यांना कोणी कीव न करता हसू दिले. याच तबकडीवरील पहिल्या गाण्यात खुनाच्या उल्लेखावर जो जल्लोष उठतो, तो मागाहून जोडला गेला होता हे आता सर्वश्रुत आहे. त्या जोडलेल्या जल्लोषावर जेवढे लिहिले गेले, तेवढे या हसण्यावर लिहिले गेलेले नाही. हास्याला आपल्याकडे भरताने रसांच्या यादीत शृंगारालगत बसवले, तरी पंगतीत त्याचे पान शेवटीच वाढले जाते. हा पंक्तिप्रपंच अमेरिकेतही निराळा नाही.

क्लेमेंटचा जन्म ५ एप्रिल १९३१ चा, टेनेसी राज्यात मेम्फिसजवळच्या व्हाइटहेवनचा. तरुणपणी तो नौसैनिकांच्या 'मरीन कोअर'मध्ये होता, आणि त्या काळात वॉशिंग्टनच्या परिसरात ब्लूग्रास संगीत वाजवीत असे. मेम्फिसला परतल्यावर त्याने काही काळ महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि आर्थर मरे यांच्या नृत्यशाळेत जोडीनृत्य शिकवण्याची नोकरीही केली. नाचणाऱ्यांची पावले मोजण्याची ही सवय पुढे त्याच्या ध्वनिमुद्रणांत उतरली, असे ऐकताना वाटत राहते. एका मित्राबरोबर गॅरेजमध्ये त्याने छोटा उद्योग थाटला, बिली ली रायली या गायकाची गाणी मुद्रित केली आणि ती फीत घेऊन तो सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सकडे गेला. फिलिप्सने १९५६ मध्ये त्यालाच नोकरीवर ठेवले.

सनमधील सुमारे तीन वर्षांविषयी एवढे सांगितले गेले आहे की आम्ही दोनच प्रसंगांवर थांबतो. ४ डिसेंबर १९५६ रोजी कार्ल पर्किन्सच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी एल्विस प्रेस्ली सहज डोकावला. जेरी ली लुईस पियानोवर होताच, कॅशही आला, आणि मैफल रंगली. कोणाचा करार कोणत्या कंपनीशी आहे, ही फीत कधी विकता येईल का, याचा विचार न करता क्लेमेंटने यंत्र चालू ठेवले. ती गाणी लोकांपुढे यायला पुढे दोन तपे लागली. दुसरा प्रसंग १९५७ चा. जेरी ली लुईसकडून त्या दिवशी क्लेमेंटला स्वतःचे 'इट्ल बी मी' हे गाणे गाऊन घ्यायचे होते. प्रियकर नको तेथे, नको त्या रूपात प्रेयसीच्या पुढ्यात सापडत राहतो, अशी त्या गाण्याची खट्याळ कल्पना आहे. ते काही केल्या जमेना, तेव्हा विरंगुळा म्हणून 'होल लॉटा शेकिन गोइंग ऑन' वाजवले गेले, आणि तेच जगभर गाजले. क्लेमेंटचे गाणे त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला गेले. पुढील सबंध कारकिर्दीत त्याची जागा बहुधा अशी मागच्या बाजूलाच राहिली.

१९५८ मध्ये कॅशने गायिलेली त्याची दोन गाणी, 'बॅलड ऑफ अ टीनेज क्वीन' व 'गेस थिंग्ज हॅपन दॅट वे', कंट्री संगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. दुसऱ्या गाण्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे. विषय विरहाचा, परंतु गाणारा आक्रोश करीत नाही. त्याची वृत्ती शीर्षकातच आहे: असे होतच असते, झाले. मागे साथीदार निरर्थक अक्षरे गुणगुणतात आणि त्या गुणगुणण्यामुळे दुःख हलके न होता अधिक खरे वाटते. १९५९ मध्ये फिलिप्सने बेशिस्तीचे कारण देऊन क्लेमेंटला काढून टाकले.

येथून त्याच्या स्वतंत्र निर्मातेपणाची कहाणी सुरू होते. आणि 'स्वतंत्र' या शब्दाचा त्या काळचा अर्थ सांगितल्याशिवाय ती समजणार नाही. नॅशव्हिलमध्ये निर्माता हा कंपनीचा नोकर असे. आरसीएत चेट अॅटकिन्स, डेक्कात ओवेन ब्रॅडली ही माणसे गायक निवडत, गाणी ठरवत, वादक बोलावत, आणि व्हायोलिनांचा व वृंदगायनाचा गुळगुळीत थर देऊन 'नॅशव्हिल साउंड' घडवत. क्लेमेंटही काही काळ अॅटकिन्सच्या हाताखाली होता. मग तो टेक्सासमधील बोमॉन्टला गेला आणि बिल हॉलबरोबर त्याने ध्वनिमुद्रणालय व गीतप्रकाशनाचा व्यवसाय मांडला. गीतप्रकाशन म्हणजे गाण्याच्या हक्कांची मालकी: गाणे कोणीही गावो, त्याच्या विक्रीचा व प्रसारणाचा वाटा प्रकाशकाकडे येत राहतो. डिकी लीचे 'शी थिंक्स आय स्टिल केअर' जॉर्ज जोन्सने गावे म्हणून क्लेमेंट त्याच्या मागे लागला, आणि १९६२ मध्ये ते अफाट चालले. अशा उत्पन्नावर माणसाला कंपनीला नकार देता येतो, किंवा ज्याला कंपनी नकार देत आहे त्याच्यावर पदरचा पैसा लावता येतो.

तसा पैसा त्याने १९६५ मध्ये लावला. मिसिसिपीतील स्लेज या गावचा चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय गायक. बेसबॉल खेळलेला, कंट्री गाण्याचे वेड असलेला. कंट्री हे गोऱ्या दक्षिणेचे संगीत अशी बाजारातील ठाम समजूत होती. क्लेमेंटने त्याला काही गाणी शिकायला दिली, स्वखर्चाने ध्वनिमुद्रण केले आणि फीत घेऊन तो कंपन्यांचे उंबरठे झिजवू लागला. शेवटी आरसीएच्या अॅटकिन्सने ती उचलली. १९६६ मध्ये पहिली तबकडी निघाली तेव्हा आकाशवाणी केंद्रांकडे ती गायकाच्या छायाचित्राविना गेली. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये प्राइड रंगमंचावर आला आणि टाळ्या वाजवणारे प्रेक्षागृह एकाएकी शांत झाले. तेव्हा त्याने आपल्या अंगावरच्या 'कायमच्या उन्हाच्या रापेचा' विनोद केला आणि सभा जिंकली. क्लेमेंटने लिहिलेल्या 'जस्ट बिट्वीन यू अँड मी'ने त्याला पहिले मोठे यश दिले. पुढे कित्येक वर्षे प्राइडच्या ध्वनिमुद्रिका क्लेमेंटनेच केल्या.

याच ठिकाणी एक अवघड प्रश्न उभा राहतो. विनोदाने भिंत ओलांडता येते, की भिंत नाहीच असे भासवता येते? त्याच १९६६ साली कॅशने क्लेमेंटचे 'द वन ऑन द राइट इज ऑन द लेफ्ट' गायिले, आणि ते कंट्री यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. एका लोकगीत-चमूतील गायक राजकीय मतभेदांवरून मंचावरच हातघाईवर येतात; उजवीकडे उभा असलेला डावा, मधला उजवा, अशी ती कसरत. शब्दांची रचना घड्याळाच्या यंत्रासारखी चोख आहे. पण व्हिएतनामच्या त्या वर्षांत त्याचा निष्कर्ष असा, की गाणाऱ्याने आपले राजकारण आपल्यापाशी ठेवावे. हा सल्ला आम्हांला पटत नाही. छायाचित्र न पाठवण्याच्या युक्तीतही हीच पळवाट दिसते, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अवाजवी म्हणता येणार नाही. मात्र राजकारण बाजूला ठेवा म्हणणाऱ्या याच माणसाने, भोवताली वर्णद्वेषाविरुद्धचा लढा पेटलेला असताना, आपल्या खिशातील पैसा कोठे लावला, हेही हिशेबात धरावे लागते. गीतकार क्लेमेंटपेक्षा निर्माता क्लेमेंट अधिक धीट होता, असे आमचे मत आहे.

तो चुकलाही, आणि चुका त्याच्या स्वभावातूनच आल्या. कॅशला 'रिंग ऑफ फायर'मध्ये मेक्सिकन धर्तीचे ट्रम्पेट हवे होते. १९६३ मध्ये त्यासाठी त्याने बोमॉन्टहून क्लेमेंटला बोलावले, आणि इतरांना हास्यास्पद वाटणारी ती कल्पना क्लेमेंटने अशी बसवली की आज त्या ट्रम्पेटांशिवाय गाणे आठवतही नाही. तबकडीवर त्याचे नाव नव्हते. परंतु हीच भर घालण्याची हौस घेऊन तो १९६८ मध्ये टाउन्स व्हॅन झँटच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेकडे गेला, तेव्हा गाणी घुमाऱ्यात आणि साजात बुडाली. त्यांतील अनेक व्हॅन झँटने लवकरच साध्या साथीवर पुन्हा गायिली. एकाकी माणसाच्या शांततेशी काय करावे हे त्या वेळी क्लेमेंटला उमगले नाही. वेलन जेनिंग्जच्या 'ड्रीमिंग माय ड्रीम्स' (१९७५) मध्ये मात्र ते उमगलेले दिसते; वाद्ये थोडी, मोकळी जागा पुष्कळ, आणि गायकाचा आवाज कानाशी.

सत्तरच्या दशकातील त्याचे उद्योग सांगू लागलो तर लेख आटोपणार नाही. १९७१ मध्ये त्याने जेएमआय ही स्वतःची कंपनी काढली. डॉन विल्यम्सची एकल गायनाची वाटचाल तेथून सुरू झाली, आणि १९७४ च्या सुमारास कंपनी बंद पडली. 'डिअर डेड डिलायला' (१९७२) हा भयपट काढून त्यात त्याने पैसे बुडवले. त्याने उभारलेले 'जॅक्स ट्रॅक्स' हे ध्वनिमुद्रणालय अॅलन रेनल्ड्सकडे गेले, आणि पुढे गार्थ ब्रुक्सने तेथेच आपल्या ध्वनिमुद्रिका केल्या. बेलमाँट बुलेव्हार्डवरील घराच्या माडीवर क्लेमेंटने नवे ध्वनिमुद्रणालय थाटून त्याला हॉटेलाचे व आरोग्यस्नानगृहाचे थट्टेखोर नाव दिले: 'काउबॉय आर्म्स हॉटेल अँड रेकॉर्डिंग स्पा'. आपला धंदा मजेचा आहे, मजा येत नसेल तर काम नीट होत नाही, असे तो वादकांना सांगे. त्याने वादकांसाठी नियमही केले होते: वेळेवर या, आपली रडगाणी सांगू नका, ऐका. हे गमतीने म्हटलेले असले तरी कामाच्या वेळी पाळावयाचे होते. १९८७ मध्ये यू टू हा आयरिश वाद्यवृंद मेम्फिसला सनच्या जुन्या जागेत ध्वनिमुद्रणासाठी आला, तेव्हा यंत्रापाशी तोच होता.

इतरांसाठी शेकडो गाणी उभी करणाऱ्या या माणसाची स्वतःच्या आवाजातील पहिली ध्वनिमुद्रिका 'ऑल आय वाँट टू डू इन लाइफ' १९७८ मध्ये निघाली, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. दुसरी २००४ मध्ये आली. कॅश २००३ मध्ये निवर्तला होता, आणि या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते 'गेस थिंग्ज हॅपन दॅट वे'. त्यात क्लेमेंट हे गाणे स्वतः गातो. आवाज साधा, किंचित घोगरा, जरा मागे रेलून बसल्यासारखा.

२०११ च्या जूनमध्ये बेलमाँट बुलेव्हार्डवरील घराला आग लागली. क्लेमेंट बचावला, फितींचा, छायाचित्रांचा आणि कागदपत्रांचा मोठा साठा जळाला. २०१३ च्या एप्रिलमध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड जाहीर झाली. ८ ऑगस्ट २०१३ रोजी तो नॅशव्हिलमध्ये वारला, आणि समारंभ ऑक्टोबरमध्ये त्याच्या पश्चात झाला. मित्रमंडळींसह केलेली शेवटची ध्वनिमुद्रिका 'फॉर वन्स अँड फॉर ऑल' २०१४ मध्ये बाजारात आली.